पिवळ्या साडीसाठी पांढरा उजेड

गेल्या महिन्यात दुकानाच्या मागच्या हॉलमधला शेवटचा मेटल हॅलाइडचा दिवा उतरवला. त्याच्या जागी एलईडी बसला. बटण दाबलं की लगेच लागतो, तापत नाही, गुणगुणत नाही. वायरमनने जुना दिवा शिडीवरून उतरवून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, भंगारात देऊ का. मी त्याला थांबायला सांगितलं आणि वही काढली.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची वही असते. माळ्यावरच्या डब्यांची आहे, पाहुण्यांना दिलेल्या आणि परत न आलेल्या भांड्यांचीही आहे. घरात यावर हसतात आणि काही सापडेनासं झालं की माझ्याकडेच येतात. दिव्यांची वही निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे आणि तिच्यावर काट मारलेली आहे: 'मागच्या हॉलसाठी दोन सोडियम. भरपूर उजेड.' ती ओळ मी कशी लिहिली आणि काट कशी मारली, ते त्या दिवशी वही चाळताना सगळं आठवलं.

आमचं कापडाचं दुकान केजमध्ये आहे. पुढचा भाग अरुंद, रस्त्याला तोंड करून. लग्नसराईत बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायला, माणसं येतात ती दोघं-चौघं येत नाहीत. जीप भरून येतात. नवरीची आई, आत्या, मामी, दोन चुलत्या, शेजारची एखादी जाणकार बाई, आणि कोपऱ्यात बसून चहा पिणारे एक वडीलधारे, ज्यांचं काम फक्त शेवटी मान हलवायचं. इतकी माणसं पुढच्या गादीवर मावायची नाहीत. अर्धी रस्त्यावर उभी राहायची आणि तिथूनच आत सूचना करायची.

त्या जुन्या जागेत एक गोष्ट मात्र चांगली होती. साडी पसंत पडत आली की घरातली मोठी बाई उठायची, पदर हातावर घ्यायची आणि पायरीवर जाऊन उन्हात धरायची. "उन्हात बघू," असं म्हटलं की आम्ही वाट मोकळी करून द्यायचो. उन्हात दिसला तो खरा रंग. त्यावर कोणी वाद घालत नसे.

मग मागच्या मोकळ्या जागेत आम्ही बस्त्यासाठी हॉल बांधला. चाळीस फूट लांब, वर पत्रा, सोळा फूट उंच. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकी एकही नाही. भर दुपारी आत गेलं तरी हाताला हात दिसत नसे. माझ्या यादीत 'दिवे' हे काम सातव्या क्रमांकावर होतं, फरशीनंतर आणि पंख्यांच्या आधी. ते पहिल्या क्रमांकावर हवं होतं हे मला नंतर कळलं.

माझ्या नवऱ्याला बाजारात सगळे मालक म्हणतात, मीही चारचौघांत तेच म्हणते. मालकांना मोठा दिवा दिसला की तो हॅलोजन. सोडियम असो, मर्क्युरी असो, त्यांच्या लेखी सगळे हॅलोजनच. ते एकदा कड्याला चुलतभावाकडे गेले होते. तिथे उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या मैदानावर त्यांनी उंच खांबावरचे सोडियमचे दिवे पाहिले आणि ठरवूनच परत आले. म्हणाले, एकेक दिवा अख्खं मैदान उजळतो, आपल्या हॉलला दोन म्हणजे डोक्यावरून पाणी. ट्यूब लावायच्या तर सोळा फुटांवरून उजेड खाली पोचणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एलईडीचे मोठे दिवे तेव्हा आमच्या भागात कुठे दिसत नव्हते. मी उंची लिहिली, लांबी लिहिली, पत्र्याला भार किती चालेल ते गवंड्याला विचारून लिहिलं. उजेडाचा रंग कोणता, हे मात्र विचारायचं सुचलं नाही. कापडाच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला.

सोडियम लागले. काय सांगू, हॉल सोन्यासारखा दिसला. मालक दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवून दाखवायचे. मला एकच गोष्ट खटकत होती. गादीवरच्या पांढऱ्या चादरी पिवळट दिसत होत्या. त्या आठवड्याच्या वहीत 'चादरी – धोबी' असं दोनदा लिहिलेलं आहे. धोबी म्हणाला, बाई, यापेक्षा पांढरं करायचं असेल तर नवीनच घ्या. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. मी धोबी बदलायचा विचार करत होते.

हॉलमधला पहिला मोठा बस्ता नेकनूरकडच्या एका कुटुंबाचा होता. शेती आणि चार-पाच दुभती जनावरं असलेलं घर. सगळा कारभार नवरीच्या आत्याकडे. ठेंगणी, काळीसावळी, पासष्टीची बाई. बोलायची कमी आणि कापड बोटांत धरून चोळायची, जणू त्यालाच काही विचारते आहे. नवरी तिच्या मागे गप्प बसलेली. दोन साड्यांत तिचा जीव अडकलेला दिसत होता, पण तिला कोणी विचारत नव्हतं आणि ती सांगत नव्हती.

सगळ्यात महत्त्वाची साडी हळदीची. त्यांच्याकडे नवरीला हळद लागताना पिवळीच लागते, त्यात तडजोड नाही. साधी पिवळी आत्याला नको होती. जरीकाठाची हवी होती. मालकांनी मांडणीवरून काढून समोर टाकली. आत्याने काठ चाचपला, पोत चाचपला आणि सवयीने पदर हातावर घेऊन उठली. पायरीपर्यंत जायचं तर हॉल ओलांडून पुढच्या दुकानातून गर्दीतून वाट काढावी लागणार होती. मालक हसून म्हणाले, "बसा आत्या. बाहेर कशाला जाता? आपण ऊनच आत आणून लावलंय."

सगळे हसले. आत्या एक क्षण उभी राहिली, वर दिव्याकडे पाहिलं आणि बसली.

बस्ता पुरा झाला. सगळं कापड मोठ्या चादरीत घालून गाठ मारली, गाठीवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत अशी रीत आहे की कुंकू लागलेला बस्ता घरी जाऊन देवापुढे ठेवायचा आणि त्याची गाठ हळदीच्या दिवशीच सोडायची. मधे कोणी उघडून बघत नाही. बघायचं ते दुकानात बघून झालेलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी मांडणी मोजायला घेतली. थोडं कापड पुढच्या दुकानात न्यायचं होतं म्हणून गठ्ठे पायरीजवळ उजेडात आणून ठेवले. वहीप्रमाणे जरीकाठाच्या पिवळ्या चार होत्या, एक गेली, म्हणजे तीन राहायला हव्यात. चार निघाल्या. त्याच काठाच्या मोतिया रंगाच्या, म्हणजे जवळजवळ पांढऱ्या, तीन होत्या. त्या दोनच निघाल्या.

मी परत मोजलं. मग एक पिवळी आणि एक मोतिया उचलून आत हॉलमध्ये गेले आणि दोन्ही दिव्याखाली धरल्या. दोन्ही पिवळ्या. सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या. पायाखालची चादरही तशीच पिवळी. तेव्हा धोब्याबद्दल मनात फार वाईट वाटलं.

हळद दुसऱ्या दिवशी होती. म्हणजे सगळा गाव जमलेला असताना गाठ सुटणार, आणि नवरीच्या अंगावर घालायला पांढरी साडी निघणार. दुकानाचं नाव जाईल ते जाईलच, पण त्या गप्प बसलेल्या मुलीकडे चार बायका कशा बघतील, आणि पुढे तिच्या संसारात काही खुट्ट झालं की हीच साडी कशी उकरून काढतील, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मालक म्हणाले, फोन करून सांगू. मी म्हटलं, फोनवर सांगून कोणी कुंकवाची गाठ सोडणार नाही. गेलंच पाहिजे. पिशवीत पिवळी साडी, तिचा जुळता ब्लाउजपीस, नारळ आणि कुंकवाची पुडी घेतली. वहीत यादी केली आणि चारही गोष्टींवर खूण करून नेकनूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. मालक जीपपर्यंत पोचवायला आले.

गाव फाट्यापासून आत होतं. घरापुढे मांडव पडत होता, बायका खिरीचे गव्हले करत होत्या. आत्या गोठ्याजवळ उभी राहून पेंडीची पोती कुठे ठेवायची ते सांगत होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं, पण आधी पाणी दिलं. मी तिला बाजूला घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आमची चूक झाली, पिवळी समजून मोतिया दिली, दिव्याने रंग फसवला, ही खरी पिवळी आणली आहे.

तिने आधी पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी उठले व्हते का न्हाई पायरीवर जायला?"

"उठला होता."

"तुझ्या मालकानं बसवलं."

"हो."

"ऊन आत लावलंय म्हनला." तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "त्येच्या उन्हात पापड बी वाळत नसंल, माय."

मी हसले नाही, कारण ती हसली नव्हती. मी सुचवलं की ही पिवळी गाठोड्याशेजारी ठेवू, उद्या वरच्या वर हीच घ्यायची. तिला ते पटलं नाही. गाठ सोडणार दोन सुवासिनी, घड्या एकेक करून सगळ्यांपुढे काढणार, मोतिया निघाली की प्रश्न होणारच. मग आज गुपचूप सोडून परत बांधायची का, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवीचे बंद नीट करू लागले.

शेवटी ती मला देवघरात घेऊन गेली. गाठोडं पाटावर होतं, कुंकू जसंच्या तसं. नवरीही मागोमाग येऊन दारात उभी राहिली. आत्या गाठोड्यापुढे मांडी घालून बसली आणि सगळ्या बाजूंनी त्याला न्याहाळलं, गाय विकत घेताना न्याहाळतात तसं. मग चादरीच्या दोन टोकांमधली फट बोटांनी थोडी रुंद केली.

"गाठ सोडायची न्हाई, असं हाय," ती म्हणाली. "हात घालायचा न्हाई, असं कुणी सांगितलंय?"

आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डोळे मिटून चाचपू लागली. आधी धोतराचं पान लागलं, ते ओळखून मागे सारलं. मग टॉवेल, मग कुणाचा तरी शालू. तिची बोटं आत चालताना चादरीवर दिसत होती. थोड्या वेळाने तिने जरीकाठ ओळखला, हळूहळू ओढत साडी फटीतून बाहेर काढली आणि मागे न बघता अंगणात गेली. उन्हात धरली. सायीच्या रंगाची होती. गाठीवरचं कुंकू हललंसुद्धा नव्हतं.

मग माझी पिवळी घेतली, तीही उन्हात धरली, उलटून पालटून पाहिली. त्याच फटीतून ती आत सारली आणि वरून चादर थोपटून सारखी केली. सगळं आटोपायला माझ्या एका कप चहाइतका वेळ लागला.

मी मोतिया घडी घालून पिशवीत ठेवत होते तेव्हा नवरी पहिल्यांदा बोलली. हळू आवाजात, आत्याला ऐकू जाऊ नये असं. म्हणाली, "काकू, ही लई चांगली हाय वो. त्या दिवशी बी मला हीच आवडलती. पिवळी म्हणून आवडलती, पण हीच."

आत्याने ऐकलंच. "हळदीला पांढरी नेसती का मग?" एवढंच म्हणाली. मुलीने मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

परतीच्या जीपमध्ये मी वही उघडली, पहिल्या पानावरच्या ओळीवर काट मारली आणि पुढच्या पानावर प्रश्न लिहिले. यावेळी पहिला प्रश्न रंगाचा.

लग्नाची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं बीडला एका मोठ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मी बरोबर कापडाचे नऊ तुकडे नेले होते. पिवळा, मोतिया, डाळिंबी, मरून, राणी, मोरपंखी, शेवाळी, जांभळा आणि काळसर निळा. दुकानदाराने पिशवी पाहून विचारलं, शिंप्याकडे जायचं होतं का. मी त्याला सांगितलं की दिवे लावून दाखवा, मी तुकडे धरते. त्याच्याकडे वेळ होता, आणि कुतूहलही होतं. माणूस चांगला निघाला.

आधी मर्क्युरी लावला. उजेड पांढरट, पण हिरव्या-निळ्या झाकेचा. पिवळा आणि मोतिया वेगळे दिसले, म्हणून मालक लगेच म्हणाले, हाच घेऊ. मी डाळिंबी आणि मरून धरले. दोन्ही सुकलेल्या रक्तासारखे तपकिरी झाले. लग्नाच्या दुकानात लाल मेला तर राहिलं काय? मग मेटल हॅलाइड लावला. सुरुवातीला मिणमिणता, निळसर. मालक निराश झाले. दुकानदार म्हणाला, पाच मिनिटं दम धरा. उजेड हळूहळू चढत गेला आणि पांढरा झाला. मी नऊही तुकडे टेबलावर पसरले, मग दारात नेऊन उन्हात पाहिले, मग परत आणले. राणी रंग थोडा थंड वाटला. बाकी आठ जसेच्या तसे. मी वहीत आठ खुणा आणि एक प्रश्नचिन्ह काढलं.

मग बाकीचे प्रश्न. प्रत्येक दिव्याला चोक आणि चालू करणारा इग्नायटर वेगळा लागतो का? लागतो. दोन मोठे घ्यावेत की चार लहान? चार लहान, म्हणजे माणसाची सावली कापडावर पडत नाही. पुढची काच फुटली तर? दिवा बंद ठेवायचा, तो उजेड डोळ्यांना आणि रंगांना दोन्हीला वाईट. एक बल्ब गेला तर? शक्यतो चारही एकदम बदलायचे, कारण जुने होत गेले की त्यांच्या उजेडाचा रंग सरकतो. हे उत्तर ऐकून मला त्या दुकानदाराबद्दल आदर वाटला. शेवटचा प्रश्न, लाईट गेली आणि परत आली तर? तो म्हणाला, गरम दिवा लगेच लागत नाही. आधी गार होतो, मग लागतो. दहा-पंधरा मिनिटं धरून चाला.

आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते त्याला सांगायची गरज नव्हती. मी यादीत दोन ट्यूब वाढवल्या, इन्व्हर्टरवरच्या.

दिवे लागले आणि खरी पंचाईत वेगळीच निघाली. मालकांना खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची जन्माची सवय. हॉल रिकामा झाला की बंद, गिऱ्हाईक आलं की चालू. पहिल्याच दिवशी एक जीपभर माणसं ट्यूबच्या उजेडात दहा मिनिटं वर बघत बसली. मी बटणावर कागद चिकटवला: 'संध्याकाळपर्यंत हात लावू नये.' खाली त्यांचं नाव लिहायचं बाकी ठेवलं होतं. लाईट गेली की मात्र त्या दहा मिनिटांचा उपयोग आम्ही शिकलो. चहा तेव्हाच द्यायचा. चहा पिऊन होईतो दिवे चढत यायचे आणि समोर पसरलेल्या साड्या एकेक करून रंगात यायच्या. बायका कप हातात धरून ते बघत बसायच्या. कितीतरी साड्या त्या वेळात पसंत झाल्या.

पुढच्या लग्नसराईत आत्या परत आली. नवरीच्या धाकट्या बहिणीचा बस्ता होता. ती आमच्याकडे येईल असं मी धरलं नव्हतं. जीपमधून थोरलीही उतरली, अंगाने भरलेली, आता बोलकी झालेली. मालक गल्ल्यावरून उठून आत निघून गेले. आत्याने विचारलं, "ऊन लावणारे मालक कुठं गेलेत?"

हॉलमध्ये आल्यावर ती बसली नाही. म्हणाली, आधी जरीकाठाची पिवळी दे आणि तशीच मोतिया दे. मोतिया मी वेगळी काढून ठेवलेली होती, गाठोड्यातून निघालेली तीच. ती विकायला मी मांडणीवर कधी लावलीच नव्हती. वहीत तिच्यापुढे 'ठेवून' असं लिहिलं होतं, कोणासाठी ते लिहिलं नव्हतं. आत्याने दोन्ही दिव्याखाली धरल्या. एक पिवळी, एक सायीची. लहान मुलानेही फरक सांगितला असता. तरी तिने दोन्ही हातांवर घेतल्या, हॉल ओलांडला, पुढच्या गर्दीतून वाट काढली आणि पायरीवर गेली. आतून मालक आणि मी दोघंही दाराकडे बघत होतो.

ती परत आली, वर चारही दिव्यांकडे एकेक करून पाहिलं आणि गादीवर टेकली. मग तळहाताने चादर चोळली.

"आता पांढरी दिसती," ती म्हणाली. "मागल्या टायमाला मला वाटलं, ही माणसं धूत न्हाईत का काय."

मालक तेवढ्यात चहा घेऊन आले, लाईट गेलेली नसतानाही. थोरलीने मोतिया उचलून मांडीवर ठेवली आणि कोणी विचारायच्या आत सांगितलं की ही तिच्या स्वतःसाठी आहे, बस्त्यात बांधायची नाही. आत्याने धाकटीला पुढे ओढलं आणि म्हणाली, "तू बी सांग बाई तुला कोणती पाहिजे ती. न्हाईतर पुन्ना कुणाला तरी जीपनं यावं लागायचं."

वहीतून मान वर केली तर वायरमन जुना दिवा घेऊन अजून उभा होता. मी त्याला म्हटलं, भंगारात दे, पण पुढची काच काढून ठेव, चांगली आहे. मग निळ्या वहीत शेवटची खूण केली.